पाटात हरवलेल्या होड्या

"अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर," लिसांद्रोनं मोजणं संपवलं. "आली का कुणाची?"

"माझी नाही," आयलेन म्हणाली. "आणि रोमिनाचीही नाही. तुझी तर सुरुवातीलाच कलंडली होती."

"कलंडली नव्हती. वळण घेत होती."

रोमिना या भांडणात पडली नाही. ती खेळाच्या हॉलच्या मागच्या रस्त्यावर, पाटाच्या काठाशी उकिडवी बसून खाली बघत होती. पाट कोरडा ठणठणीत होता. तळाला वाळलेली पानं, एक बाटलीचं झाकण, आणि माती तर भेगाळलेली. पाणी नाही आणि होड्याही नाहीत.

रविवारची दुपार होती, अडीच वाजले होते. फेब्रुवारीतल्या उन्हात अर्जेंटिनातलं सगळं सान हुआन शहर खिडक्या बंद करून झोपलं होतं. एक ते पाच या वेळात इथं कुत्रंसुद्धा भुंकत नाही. जी मुलं या वेळात बाहेर फिरतात त्यांना पेरिकाना नावाची म्हातारी चेटकीण धरून नेते, असं प्रत्येक घरात सांगतात. दहा वर्षांची आयलेन अजून तिला थोडीशी घाबरायची. तिचा भाऊ लिसांद्रो तेरा वर्षांचा होता आणि आपण मुळीच घाबरत नाही असं दिवसातून तीनदा सांगायचा. रोमिना बारा वर्षांची होती. तिला आज पेरिकानाची भीती वाटत नव्हती. घरात बसण्यापेक्षा चेटकीण परवडली, असं तिला वाटत होतं.

घरात बाबा होते, आणि ते बोलत नव्हते.

रोमिनाचे बाबा एलादिओ एकवीस वर्षं लोस आलामोस हॉलचं मैदान सांभाळत होते. व्हॉलीबॉलची जाळी बांधायची, रबरी चटईच्या पट्ट्या अंथरायच्या, जोडांवर चिकटपट्टी लावायची, सामन्याआधी तीनदा पुसून काढायचं. शेवटी बूट काढून अनवाणी पायांनी मैदानभर चालायचं. तळव्याला ओल लागली नाही, तरच मैदान तयार. ही त्यांची रीत होती आणि एकवीस वर्षांत तिच्यात खंड पडला नव्हता.

यंदा दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा त्यांच्या शहरात आली, ऐन शाळेच्या सुट्टीत. ब्राझील, चिली, पेरू, उरुग्वे, सगळे संघ आले. अर्जेंटिनाच्या संघात तर याच गल्लीतला गास्पार होता. चोवीस वर्षांचा, पावणेसात फुटांचा, सगळ्यांचा लाडका. लहानपणी दुपारी सगळे झोपले की एलादिओ त्याला मागच्या दारानं हॉलमध्ये घ्यायचे, आणि तो एकटा भिंतीवर चेंडू मारत बसायचा. गास्पार राष्ट्रीय संघात गेला त्या दिवशी बाबा अंगणात चक्क नाचले होते. रोमिनानं त्यांना नाचताना तेवढं एकदाच पाहिलं होतं.

शुक्रवारी रात्री पेरूविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये गास्पारनं उडी घेतली, स्मॅश मारला आणि खाली येताना डावा पाय सटकला. गुडघ्यातून आवाज आला तो तिसऱ्या रांगेतल्या रोमिनालाही ऐकू आला. तो पडला तिथं चटईवर ओल होती.

डॉक्टर म्हणाले, निदान वर्षभर खेळ बंद, पुढचं पुढे बघू. शनिवारी सकाळी स्पर्धेचे व्यवस्थापक सालिनास साहेब सगळ्या वार्ताहरांसमोर म्हणाले, "मैदान पुसणाऱ्यानं ओलं फडकं फिरवलं आणि कोरडं करायचं राहिलं. आम्ही त्याला काढून टाकलं आहे." दुपारपर्यंत रोमिनाच्या घराच्या दाराला कुणीतरी एक ओलं, घाणेरडं फडकं बांधून ठेवलं होतं. बाबांनीच ते सोडलं, पिळलं आणि तारेवर वाळत घातलं. मग ते द्राक्षाच्या मांडवाखाली जाऊन बसले ते तिथंच.

"बाबा, तुम्ही पुसलं होतंत ना?" रोमिनानं शनिवारी विचारलं होतं.

"पुसलं असणार," बाबा म्हणाले होते. मग वरच्या द्राक्षांकडे बघत, "आता मलाच आठवत नाही गं. राहून गेलंही असेल."

लोकांनी काही म्हटलं तर भांडता येतं. पण स्वतः बाबाच असं म्हणायला लागले तर भांडायचं कुणाशी?

"रोमिना, ऐकतेस का?" आयलेननं तिला हलवलं. "होड्या पलीकडे अडकल्यात बहुतेक. चल, बघून येऊ."

तिघं धावत हॉलला वळसा घालून पुढच्या रस्त्यावर आले. तिथं पाट भरून वाहत होता. आज या भागाची पाण्याची पाळी होती. परवा शुक्रवारी, आज रविवारी, मग मंगळवारी, अशी एक दिवसाआड दुपारी दोन ते चार पाळी यायची. वरच्या बाजूला पाटकरी लोखंडी दार उचलायचा, पाणी रस्त्याच्या कडेनं झाडांना पाजत यायचं, हॉलपाशी भुयारात शिरायचं आणि हॉलच्या पोटाखालून जाऊन मागच्या रस्त्यावर निघायचं. हॉल बांधायच्या आधी इथं द्राक्षमळा होता, तेव्हापासूनचा हा पाट. दर उन्हाळ्यात मुलं इकडून सालीच्या होड्या सोडायची आणि तिकडे जाऊन शंभर मोजायची. शंभराच्या आत होडी येणारच. यंदा महिनाभर हॉलभोवती पत्र्यांचं कुंपण होतं म्हणून शर्यत झाली नव्हती.

"इकडे काही अडकलेलं नाही," लिसांद्रो भुयारात डोकं घालून म्हणाला. "पाणी मस्त आत चाललंय."

"आत चाललंय," रोमिना सावकाश म्हणाली. "आणि बाहेर येत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे जातंय कुठं?"

तिघंही हॉलच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. आत त्या भिंतीपलीकडे ते मैदान होतं. रोमिनानं बोटांवर दिवस मोजले. गास्पार पडला तो शुक्रवार. आणि त्याआधी बुधवारी बाबा घरी येऊन म्हणाले होते की चटईच्या कोपऱ्यात ओल दिसली, सालिनास साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, कुणाची तरी बाटली सांडली असेल, किती बारीकसारीक गोष्टी घेऊन येतोस. बुधवार. आणि पाळी एक दिवसाआड.

"बुधवारी पाळी होती का रे?" तिनं विचारलं.

"होती. आईनं टोमॅटोला पाणी घातलं ना," आयलेन म्हणाली.

रोमिना पुढचं ऐकायला थांबली नाही.

ती परत मागच्या रस्त्यावर धावली. जिथून पाट बाहेर यायचा तिथं आता एक रुंद, गुळगुळीत सिमेंटचा उतार होता, थेट हॉलच्या मागच्या दारापर्यंत. पाहुण्यांच्या गाड्यांना पाटावरून धक्का बसू नये म्हणून नवा केलेला. भुयाराचं तोंड त्या सिमेंटखाली गडप झालं होतं. त्यापुढची मोठी झाडं भर उन्हाळ्यात पिवळी पडली होती.

"बुजवलंय," लिसांद्रो म्हणाला. "या मूर्खांनी पाट बुजवलाय."

*

सोमवारी सकाळी दहा वाजता तिघं सालिनास साहेबांसमोर उभी होती. साहेबांच्या टेबलावर माते चहाचा पेला, चार फोन आणि स्पर्धेचा छोटा झेंडा होता.

"एलादिओची मुलगी ना तू?" त्यांनी रोमिनाकडे नीट बघितलंही नाही. "बापाला सांग, शेवटचा पगार मिळेल. मुलांना पाठवायची गरज नाही."

"मी पगारासाठी नाही आले, साहेब. हॉलखाली पाणी साठतंय. मागचा उतार केला ना, त्याखाली पाटाचं तोंड बुजलंय."

"तिथं पाट नव्हता. कोरडा खड्डा होता. मी स्वतः उभा राहून सिमेंट ओतून घेतलंय."

"कोणत्या वारी?" आयलेननं विचारलं.

"काय?"

"वार कोणता होता? पाळी नसेल त्या दिवशी सगळेच पाट कोरडे असतात."

सालिनास साहेब जन्मापासून याच शहरात राहत होते. पाटाला पाळीच्या दिवशी पाणी येतं हे इथं चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. त्यांचा चेहरा क्षणभर बदलला, तो रोमिनानं पाहिला. मग त्यांनी एक फोन उचलला, जो वाजतही नव्हता.

"उद्या उपांत्य सामना आहे. टीव्हीवाले आलेत. पोरांच्या होड्यांसाठी मी उतार फोडू? जा घरी. आणि बापाची चूक झाकायला असल्या गोष्टी रचू नकोस."

बाहेर आल्यावर लिसांद्रो म्हणाला, "याला कळलंय. चांगलं कळलंय. मुद्दाम करतोय."

"मुद्दाम नाही," रोमिना म्हणाली. "उद्या पाणी येऊ नये असं मनात म्हणत बसलाय."

पण पाणी येणार होतं. उद्या मंगळवार. दोन ते चार पाळी, नऊला ब्राझील आणि चिलीचा सामना. बाबांच्या जागी आणलेला नवा माणूस सातला मैदान पुसेल, कोरडं दिसेल, आणि नऊपर्यंत ओल चढेल. पुन्हा कुणीतरी उंच उडी घेईल. रोमिनाला तो गुडघ्याचा आवाज आठवला आणि तिनं डोळे मिटले.

"एलादिओ काकांना सांगू," आयलेन म्हणाली.

"नको." रोमिनानं मान हलवली. "खरं निघालं नाही तर? ते आता कसेबसे बसलेत. पुन्हा उभं करून पाडायचं का त्यांना?"

खरी गोष्ट तिनं सांगितली नाही. आपलं खोटं निघेल अशी भीती तिलाच वाटत होती. शनिवारी रात्री अंथरुणात तिलाही एकदा वाटून गेलं होतं, की राहिलं असेल बाबांकडून. एकदाच. पण ते वाटणं काही केल्या जात नव्हतं.

लिसांद्रोनं बापाच्या बेकरीतून आणलेला सेमिता पावाचा तुकडा काढला, तिघांनी वाटून खाल्ला.

"पाणी दिसत नाही हीच अडचण आहे," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "साधं पाणी ना. पुसलं की गेलं. कुणीही म्हणेल बाटली सांडली."

"मग दिसेल असं करू," रोमिना म्हणाली.

"रंग?"

"दोन तास वाहत्या पाण्याला पुरेल एवढा रंग कुठून आणायचा?"

लिसांद्रोनं चावणं थांबवलं. "आमच्या मामाकडे," तो म्हणाला. "तोडणी चालू आहे. काळ्या द्राक्षांचा गाळ त्याच्या वाइनच्या टाक्यांच्या तळाला हातभर साचलाय. दोन थेंब पडले तर आईला सदरा फेकून द्यावा लागतो. मामा फुकट देईल. उलट उचलून नेला म्हणून पाव खायला घालेल."

*

मंगळवारी दीड वाजता हातगाडीवर दुधाच्या चार बरण्या घेऊन तिघं पाटाच्या दारापाशी पोहोचली. मामांना सांगितलं होतं, भाजीच्या वाफ्याला खत हवंय. गाडी ढकलून तिघांचे हात भरून आले होते आणि आयलेनच्या पायाला फोड आला होता, पण ती तसं म्हणाली नाही. आंबट वासानं डोकं भणभणत होतं. माशा तर शहरभरच्या गोळा झाल्या होत्या.

दोनला पाच मिनिटं असताना पाटकरी फाउस्तीनो सायकलवरून आला. सत्तरीचा, काटकुळा, खांद्यावर फावडं. त्यानं चाक फिरवून दार उचललं, पाणी सुटलं, आणि नेहमीप्रमाणे तो झाडाखाली जाऊन आडवा झाला. टोपी तोंडावर.

"आता," लिसांद्रो कुजबुजला.

पहिली बरणी उपडी झाली. पाणी जांभळं झालं. दुसरी बरणी रोमिना आणि आयलेननं मिळून उचलली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"खाली ठेवा ते."

फाउस्तीनो उभा होता. फावडं हातात होतं.

"पाटात घाण टाकता? या पाण्यावर खालची शंभर घरं जगतात. मी पोलिसात देईन तुम्हाला. कुणाची पोरं रे तुम्ही?"

एरवी इतकं बोलणारा लिसांद्रो आयलेनच्या मागे सरकला. रोमिनानं बरणी खाली ठेवली नाही.

"मी एलादिओची मुलगी, आजोबा. हॉलच्या एलादिओची."

म्हाताऱ्याचा चेहरा थोडा सैल झाला. "मग?"

"घाण नाही ही, द्राक्षाचा गाळ आहे. झाडांना चालतो. आजोबा, पाणी सोडल्यावर तुम्ही पाटाच्या शेवटापर्यंत चालत जाता ना? ती रीत आहे ना तुमची?"

म्हाताऱ्यानं फावडं जमिनीवर टेकवलं.

"यंदा कधी गेलात?"

"ऊन फार आहे," फाउस्तीनो म्हणाला. मग त्यालाच त्याची लाज वाटली असावी. "नाही गेलो. गुडघे दुखतात. खालच्या रस्त्यावरचे लोक येऊन म्हणाले, पाणी पोचत नाही. मी म्हटलं, तुम्हाला नेहमीच जास्त हवं असतं. हाकलून दिलं त्यांना."

"पोचत नाहीच ते. हॉलखाली साठतंय. त्या ओलीवर गास्पार पडला. बाबांच्या फडक्यानं नाही." "साहेब ऐकत नाहीत. म्हणून रंग टाकतोय. तुम्ही पाळी बंद ठेवाल का मग? तेवढं करा, आम्ही जातो."

फाउस्तीनोनं पाण्याकडे बघितलं, मग फावड्याकडे.

"पाळी बंद करता येत नाही मला. माझ्या बापालाही आली नसती." तो पुन्हा झाडाखाली गेला आणि आडवा झाला. टोपीखालून म्हणाला, "मी झोपलोय. मला काही दिसत नाही. सगळं एकदम ओतू नका, थोडं थोडं सोडा. म्हणजे रंग धरेल."

*

पाच वाजता सरावासाठी हॉल उघडला. शाळेच्या मुलांना सरावाला फुकट प्रवेश होता. तिघं तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. हातपाय धुतले होते, पण नखं अजून जांभळी होती. रोमिनानं हात मांडीखाली दाबून धरले.

ब्राझीलचे खेळाडू जाळीपाशी ब्लॉकचा सराव करत होते. नवा माणूस फडकं घेऊन कडेला उभा होता. चटई स्वच्छ, निळी, कोरडी दिसत होती.

साडेपाच वाजले. सहा वाजले. काहीच नाही.

"वाळून गेलं की काय?" आयलेननं विचारलं.

"गप बस," लिसांद्रो म्हणाला.

रोमिना काही ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे मांडवाखाली बसलेले बाबा होते. म्हणजे खोटंच होतं तर. म्हणजे त्यांच्याकडूनच राहिलं होतं. आता घरी जाऊन त्यांच्या समोर जेवायला बसायचं, आणि काहीही झालं नाही असं दाखवायचं. आज, उद्या, आणि पुढची सगळी वर्षं.

"वास," आयलेन एकदम म्हणाली. "मामाच्या कोठारासारखा वास येतोय."

सर्व्ह करायला मागे सरकलेल्या एका ब्राझिलियन खेळाडूनं पाय उचलून बुटाचा तळ बघितला. पांढऱ्या बुटावर जांभळा डाग होता. त्यानं हात वर करून नव्या माणसाला बोलावलं. त्यानं येऊन पुसलं. डाग गेला. खेळ सुरू झाला, आणि दोन मिनिटांत चटईच्या जोडावर एक बारीक जांभळी रेघ उमटली. पुन्हा पुसलं. रेघ पुन्हा आली, यावेळी हातभर लांब. गास्पार पडला त्याच कोपऱ्यात.

सालिनास साहेब धावत आले. "कुणी वाइन सांडली इथं? लवकर पुस. टीव्हीवाले बघतायत."

नवा माणूस गुडघ्यावर बसून पुसत होता, घासत होता, पुसत होता. रेघ सरकत सरकत जाळीकडे निघाली होती.

रोमिना उठली. ती पायऱ्या उतरून मैदानाच्या कडेला आली.

"पुसू नका," ती म्हणाली. "वरून सांडलेलं नाही. खालून येतंय."

"हिला बाहेर काढा," सालिनास साहेब म्हणाले.

"थांबा." मुख्य पंच बाई उरुग्वेच्या होत्या, पांढरे केस, गळ्यात शिट्टी. त्या कोपऱ्यात आल्या, खाली बसल्या आणि कुणाला न विचारता जोडावरची चिकटपट्टी ओढून काढली. चटईची कड उचलली. खालच्या लाकडी फळ्या फुगून वर आल्या होत्या आणि त्यांच्या फटींतून जांभळं पाणी झिरपत होतं. ओंजळभर नव्हे, चांगलं बादलीभर. हॉलमध्ये आंबट वास पसरला.

"बोल, मुली," त्या म्हणाल्या. "सगळं सांग. घाई नको करूस."

रोमिनानं सांगितलं. होड्या, पाळी, बुधवार, शुक्रवार, सिमेंटचा उतार, गाळाच्या बरण्या. मध्ये दोनदा तिचा आवाज फाटला आणि दोन्ही वेळा लिसांद्रोनं मागून वाक्य पुढे नेलं. तो कधी खाली आला होता ते तिला कळलंही नाही.

"पोरांच्या कल्पना आहेत, मॅडम," सालिनास साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "त्या जागी पाट नव्हताच. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, कोरडा..."

"मग मागे जाऊन बघू," पंच बाई म्हणाल्या.

मागच्या रस्त्यावर फाउस्तीनो आधीच उभा होता. सायकल आडवी, हातात पहार. यावेळी तो पाटाच्या शेवटापर्यंत चालत आला होता. कुणाच्याही परवानगीची वाट न बघता त्यानं उताराच्या कडेवर घाव घातला. पंधरा-वीस घावांत सिमेंटचा तुकडा निखळला, आतला राडारोडा ढासळला आणि जांभळं पाणी उसळून कोरड्या पाटात धावलं. त्याबरोबर सालीच्या दोन होड्या बाहेर आल्या, मऊ पडलेल्या, फुटलेल्या.

सालिनास साहेबांचे बूट भिजले. ते बाजूला झाले नाहीत. "त्या दिवशी कोरडा होता हो," ते हळूच म्हणाले, जणू स्वतःलाच.

"शुक्रवारी तुम्हाला हे माहीत होतं?" पंच बाईंनी विचारलं.

"शुक्रवारी नाही."

"आणि काल?"

सालिनास साहेब आपल्या भिजलेल्या बुटांकडे बघत राहिले. बाईंनी वहीत लिहून घेतलं. त्या रात्रीचा सामना रद्द झाला.

*

हॉलच्या फळ्या उखडून वाळवायला तीन दिवस लागले. पाळी दुसऱ्या पाटानं वळवली. स्पर्धेच्या समितीनं माणूस पाठवून एलादिओंना परत बोलावलं. लोक रस्त्यात थांबून बाबांशी बोलायला लागले, तेच लोक. शेजारच्या पेत्रोना मावशी पाईचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आम्हाला तर आधीपासून खात्री होती. बाबांनी डबा घेतला, आभार मानले. आतमध्ये आईनं भांडं जरा जोरात आपटलं, एवढंच.

अंतिम सामना ब्राझीलशी होता. गास्पारविना अर्जेंटिना हरणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि तसंच झालं. सामन्याआधी सालिनासांच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थापकांनी तिघांना मैदानात बोलावलं. तीन चेंडू दिले, खेळाडूंच्या सह्या असलेले. ध्वनिवर्धकावरून म्हणाले, "या मुलांच्या हुशारीमुळे मोठा अपघात टळला. अशा मुलांचा शहराला अभिमान आहे." पाच हजार लोक उभे राहिले. लिसांद्रोनं दोन्ही हात हलवले, आयलेन लाजली. रोमिना कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाबांना शोधत होती. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते खाली चटईकडे बघत होते.

हॉल रिकामा झाल्यावर गास्पार आला. कुबड्या, पायाला मांडीपासून पट्ट्या. त्याच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत आठ वर्षं गेली होती. बाबा पुसायचं थांबले.

"काका," गास्पार म्हणाला, "मला त्यांनी सांगितलं तुमची चूक आहे. मी मानलं. चार दिवस मी तुम्हाला शिव्या दिल्या. त्या ऐकल्या असत्यात तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतंत."

"मीही मानलं होतं, पोरा," बाबा म्हणाले.

गास्पार बाकावर बसला. बाबांनी त्याच्या कुबड्या घेऊन भिंतीला टेकवल्या, त्याच्या पायाखाली स्वतःचा कोट घडी करून ठेवला. बराच वेळ गास्पार मान खाली घालून रडत होता आणि बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. तो गुडघा पाणी सापडल्यानं बरा होणार नव्हता.

गाडी येऊन त्याला घेऊन गेली. हॉलमध्ये रोमिना आणि बाबा उरले. इतके दिवस आत कोंडलेलं आता तिला धरवेना.

"बाबा, मलाही वाटलं होतं. शनिवारी. की तुमच्याकडून राहिलं असेल."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"तू विचारलंस ना, पुसलं होतंत ना म्हणून. याआधी तू कधी विचारलं नव्हतंस."

रोमिनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मग रागावला का नाहीत?"

बाबांनी फडक्याचा दांडा दुसऱ्या हातात घेतला. त्यांना शब्द जुळवायला नेहमीच वेळ लागायचा.

"तुला वाटलं, आणि तरी तू उन्हात जाऊन पाटात बघितलंस," ते म्हणाले. "मला वाटलं, आणि मी मांडवाखाली बसून राहिलो. एकवीस वर्षं मी हे मैदान पुसतोय, पण ते वाचवलंस तू."

मग त्यांनी कोपऱ्यातलं दुसरं फडकं उचलून तिच्या हातात दिलं आणि जाळीच्या पलीकडची बाजू दाखवली. रोमिनानं डोळे पुसले आणि तिकडून सुरुवात केली.